डच चित्रांतल्या गाई आणि कुरणातल्या गाई

लेक नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला राहायला गेल्यापासून "एप्रिलमध्ये या, ट्युलिप बघू" म्हणून मागे लागली होती. ट्युलिप पाहिले, सुरेखच होते. पण मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि आमच्या ह्यांनी सातारा जिल्ह्यात गुरांचे डॉक्टर म्हणून नोकरी केली. दोघांनाही मनापासून बघावंसं वाटेल असं त्या देशात एकच होतं, ते म्हणजे सतराव्या शतकातल्या डच चित्रांमधल्या गाई.

याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. काहींच्या मते त्या चित्रांतली गाय म्हणजे समृद्धी, पृथ्वी, वसंत ऋतू, कधी तर खुद्द देश. दुसरे म्हणतात, चित्रकाराने डोळ्यांसमोरची गाय जशी दिसली तशी रंगवली, त्यात अर्थ शोधत बसू नका. घरून निघताना मी पहिल्या बाजूची होते, हे दुसऱ्या.

मंगळवार : द हेग

मॉरित्सहाउस म्हणजे तळ्याकाठचा एक देखणा वाडा. आत शिरलेली बहुतेक माणसं थेट व्हर्मिअरच्या मोत्याच्या डुलवाल्या मुलीकडे जातात. ते चित्र १८८१ मध्ये एका लिलावात दोन गिल्डरच्या (जुनं डच नाणं) आसपास विकलं गेलं होतं. त्या काळात या संग्रहालयाचा मानकरी दुसराच होता : पाउलुस पॉटरचा 'बैल'. १७९५ मध्ये फ्रेंच फौजा इथली चित्रं पॅरिसला घेऊन गेल्या, त्यांत हाही गेला, आणि १८१५ मध्ये परत आला.

छापील चित्रांवरून याच्या आकाराचा अंदाज येत नाही. उंची २३५.५ सेंटिमीटर, रुंदी ३३९. म्हणजे खराखुरा, पुरता बैल समोर उभा. १६४७ सालचं हे चित्र काढलं तेव्हा पॉटर एकवीस वर्षांचा होता. एवढा मोठा कॅनव्हास त्या काळी देव, राजे आणि बायबलमधल्या प्रसंगांसाठी असायचा. या पोराने तो एका बैलाला दिला. शेजारी बसलेली गाय, मेंढ्या, झाडाला टेकलेला शेतकरी, आकाशात चंडोल, खाली गवतात बेडूक आणि ताजं शेण. दूर क्षितिजावर राइसवाइकच्या चर्चचा चिमुकला मनोरा. चर्च एवढंसं आणि बैल एवढा!

मी कपाळावरच्या कुरळ्या केसांकडे बघत होते. रंग दाट लावून त्याने केस अक्षरशः उठवलेत. हे मात्र मागे हात बांधून चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनतीनदा चालले आणि म्हणाले, "अगं, हा एक बैल नाही. खांदा बघ, पुऱ्या वाढीच्या वळूचा आहे. मागचा भाग कोवळा, खोंडाचा. शिंगं दोन वर्षांच्या जनावराची. बाजारात याचं तोंड उघडून दात बघितले असते, तर आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेला, म्हणावं की चार पक्क्या दातांचा, हे व्यापाऱ्यालाही सांगता आलं नसतं."

तिथल्या रखवालदारीण बाईंना मी हे इंग्रजीत सांगितलं. त्या खूश झाल्या. अभ्यासकांचंही हेच म्हणणं आहे, त्या म्हणाल्या : पॉटरने वेगवेगळ्या वयांच्या जनावरांची रेखाटनं करून ती एकत्र जोडली. मूळ कॅनव्हासवर फक्त बैल होता. नंतर दोन्ही बाजूंना आणि वर कापड जोडून गाय, मेंढ्या, माणूस आणि आकाश आलं.

मला ही माहिती फार मोलाची वाटली. केस, शेण, बेडूक सगळं इतकं खरं, तरीही असा बैल कुठल्याच गोठ्यात नव्हता. पॉटरने खरे तुकडे गोळा करून एक मनातला बैल उभा केला. म्हणजे "दिसलं तसं काढलं" हे मत पुरं पडत नाही. ह्यांनी एवढंच कबूल केलं की विचार करावा लागेल.

त्याच संग्रहालयात पॉटरचं १६४८ चं एक छोटं चित्र आहे, पाण्यात उभ्या गाई आणि त्यांची प्रतिबिंबं. उन्हाळ्याचा दिवस, माणसं पोहताहेत, शहरातल्या बड्या लोकांची घोडागाडी चाललीय. ज्यांच्या भिंतीवर हे चित्र लागणार होतं, ती ही शहरी माणसं. दिवसभर हिशेबाच्या वह्यांत बुडालेल्या त्या लोकांना गाय म्हणजे विसावा होता. मात्र त्यांच्याही आवडीला मर्यादा होती. १६४९ मध्ये पॉटरने गोठ्याचं एक मोठं चित्र काढलं, त्यात ऐन मध्यावर एक गाय मुततेय. राजघराण्यातल्या अमालिया फॉन सोल्म्स यांच्यासाठी काढलेलं हे चित्र त्याच कारणाने नाकारलं गेलं, अशी गोष्ट हाउब्राकन या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे.

जेवायला चीजचा पाव आणि कार्नेमेल्क, म्हणजे ताक. इथे दुपारच्या जेवणाबरोबर ताक पिणारी माणसं आजही दिसतात. थोडं दाट, आंबटसर, मिठाशिवाय. मी पर्समधली जिरेपूड काढली आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनाही चिमूटभर दिली. त्यांनी पेला संपवून मान हलवली.

*जाणाऱ्यांसाठी :* मॉरित्सहाउसचं तिकीट वेळ ठरवून आधी घ्या. सोमवारी ते दुपारी उघडतं. 'बैल' बघायला खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा, मग अगदी जवळ जा. मधल्या अंतरावरून तो नुसताच मोठा वाटतो.

बुधवार : डॉर्ड्रेख्त

रॉटरडॅमहून डॉर्ड्रेख्तला वॉटरबसने जा, रेल्वेने नको. नदीवरून शहर जवळ येताना चपट्या क्षितिजावर आधी एकटा चर्चचा अपुरा, जाडजूड मनोरा दिसतो. आल्बर्ट कायपने हेच दृश्य पुन्हा पुन्हा रंगवलं. तो इथेच १६२० मध्ये जन्मला आणि १६९१ मध्ये इथेच गेला.

बोटीतून उतरलो तर गारा. एप्रिलच्या मध्यावर, बारीक साबुदाण्यासारख्या, आणि वारा असा की छत्री उघडण्यात अर्थ नव्हता. आम्ही ग्रोटहोफ्डच्या धक्क्यावर एका कॅफेत शिरलो. इथे तीन नद्या भेटतात. खिडकीशी एक निवृत्त बोटवाले काका बसले होते. मालवाहू बोटीवर उभा जन्म गेलेला, इंग्रजी मोडकं पण बोलायची हौस दांडगी. त्यांच्या आजोबांच्या वेळी गाई कुरणात न्यायच्या तर होडीतून न्याव्या लागत, कारण रस्त्यांपेक्षा कालवे जास्त. धार काढायलाही माणसं होडीतून जात. मग त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे सगळं एकदा बुडालेलं आहे."

१४२१ च्या नोव्हेंबरमध्ये, सेंट एलिझाबेथच्या पुरात, बांध फुटून डॉर्ड्रेख्तभोवतीचा मोठा शेतीचा मुलूख पाण्याखाली गेला. त्यातला बराच भाग पुन्हा कधी वर आला नाही. कायपच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधीची गोष्ट, पण तो जिथे चित्रं काढायला बसायचा त्या काठावरून ते पाणी रोज दिसत होतं.

हे ऐकून डॉर्ड्रेख्त्स म्युझियममध्ये गेलो आणि चित्रांचा अर्थ बदलला. कायपच्या गाई बहुधा पाण्याच्या कडेला असतात, बसलेल्या, रवंथ करणाऱ्या, अंगावर मधासारखं ऊन. क्षितिज तो इतकं खाली ठेवतो की बसलेल्या गाईची पाठही त्याच्या वर निघते. मागे जहाजांच्या डोलकाठ्या, चर्च, शहर आणि त्या सगळ्यांहून मोठी ही निवांत गाय. गुरं जिथे निर्धास्त बसली आहेत, तिथली जमीन पक्की आहे, बांध शाबूत आहेत. पुराची आठवण असलेल्या माणसाला ही गाय काय सांगत असेल ते मला त्या कॅफेतल्या खिडकीशी बसल्यामुळेच कळलं.

हे म्हणाले, "रवंथ करणारं जनावर भ्यालेलं नसतं. भ्यालं की पहिल्यांदा रवंथ थांबतं." गोठ्यात आजारी जनावर ओळखायची त्यांची पहिली खूण हीच. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

कायपचं हे सोनेरी ऊन इटलीतलं आहे, असं कलेचा इतिहास सांगतो. तो स्वतः इटलीला गेल्याचा पुरावा नाही. तिकडून परतलेल्या यान बोथसारख्या चित्रकारांकडून त्याने ते घेतलं. पण आम्ही बाहेर पडलो तेव्हा गारा थांबल्या होत्या, ढगांखालून तिरपं ऊन आलं आणि ओल्या विटांपासून पाण्यापर्यंत सगळं पिवळं झालं. पंधरा मिनिटंच टिकलं असेल. काही ऊन तरी त्याला घरबसल्या मिळालं असणार.

गुरुवार : ॲमस्टरडॅम

रायक्सम्युझियममध्ये सकाळची पहिली वेळ घ्यावी. मी व्हर्मिअरच्या 'दूधवाली'समोर बराच वेळ उभी राहिले. साधारण १६६० चं चित्र. गाय कुठेही नाही, फक्त मडक्यातून पडणारी दुधाची धार, पाव आणि त्या बाईची एकाग्र नजर. गाय घरात कोणत्या रूपाने येते, ते इथे दिसतं.

पॉटरचं १६५० चं 'ऑर्फियस' इथे आहे. ग्रीक पुराणातल्या ऑर्फियस या वादकाच्या वाद्याने मोहून जमलेल्या पशूंमध्ये गुरंही आहेत. पौराणिक विषय म्हणून चित्र ठीक, पण पॉटरचा जीव त्यात दिसत नाही. निकोलास बेर्खेमच्या चित्रांत तर इटलीचे डोंगर, पडकी देवळं आणि गाणारे गुराखी. त्या गाई सुंदर आहेत, पण त्यांना गोमाश्या चावत नाहीत. पॉटरची गाय बघून आलेल्या डोळ्यांना त्या सजावटीच्या वाटल्या.

मला बघायचं होतं ते राजकीय चित्र भिंतीवर नव्हतं. लेकीने संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून टॅबवर उघडलं. (तिथली हजारो चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. चित्रकलेच्या शिक्षकांनी याचा जरूर लाभ घ्यावा.) स्पेनविरुद्धच्या बंडाच्या काळात एक रूपक फिरत होतं, त्याची ही चित्रं. गाय म्हणजे नेदरलँड्स. पाठीवर स्पेनचा राजा दुसरा फिलिप बसलाय. इंग्लंडची राणी एलिझाबेथ तिला वैरण घालतेय. ऑरेंजचा विल्यम धार काढतोय. आणि फ्रान्सचा ड्यूक ऑफ आंजू शेपटी धरून उभा आहे, त्याच्या हातावर गाय शेण टाकतेय. लेकीने खूप हसून घेतलं. पण बघा, सिंह हे या देशाचं मानचिन्ह, नकाशेसुद्धा सिंहाच्या आकाराचे काढत. तरी आपली अवस्था सांगायची वेळ आली तेव्हा गायच आठवली. दुभती, म्हणून सगळ्यांना हवी. सहनशील, पण पुरती मुकाट नाही.

इथे ह्यांनी आपलं मत थोडं सोडलं. "मग ती बसलेली, अंगावर कोणी नसलेली गाय म्हणजे स्वातंत्र्य झालं की," ते म्हणाले. स्पेनशी ऐंशी वर्षं चाललेलं युद्ध १६४८ च्या तहाने संपलं. पॉटर आणि कायप यांची उत्तम चित्रं त्याच्याच आगेमागे झालेली आहेत. प्रत्येक गाय-चित्रामागे असा हेतू होता असं मी म्हणणार नाही. पण बघणाऱ्याच्या मनात हे रूपक घर करून असणार.

शुक्रवार : आल्कमार आणि बेमस्टर

आल्कमारचा चीजबाजार वसंतापासून सप्टेंबरपर्यंत शुक्रवारी सकाळी भरतो. आता तो मुख्यतः पाहुण्यांसाठी. गर्दी खूप, पण चीज वाहणाऱ्यांची संघटना १५९३ पासूनची आहे आणि त्यांची चाल खरोखर बघण्यासारखी. दोघांमध्ये एक लाकडी डोली, तिच्यावर चीजचे गोल, वजन शंभर किलोंच्या वर, आणि दोघांची पावलं मुद्दाम उलटसुलट, म्हणजे डोली हिंदकळत नाही. सौदा एकमेकांच्या हातावर टाळ्या देत होतो. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तो सौदा ह्यांनी कितीदा पाहिलेला. त्यामुळे तिथून त्यांना हलवणं कठीण गेलं.

चीज घ्यायचंच तर लायडनचं जिरेवालं घ्या. उत्तरेकडच्या फ्रिसलँड प्रांतातल्या एका प्रकारात जिऱ्याबरोबर लवंगही असते. मसाल्यांचा व्यापार आणि गोठा एकाच घासात.

दुपारी बेमस्टर. हे मोठं तळं होतं. ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी पैसा घातला, चाळीसहून अधिक पवनचक्क्या लावल्या. १६१० मध्ये वादळात बांध फुटून सगळं पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं आणि १६१२ मध्ये जमीन कोरडी झाली. समुद्रसपाटीच्या सुमारे साडेतीन मीटर खाली! रस्ते आणि चर काटकोनात, जणू पट्टीने आखलेले. १९९९ पासून हा जागतिक वारसा आहे. धान्य पिकवण्याचा विचार होता, पण जमीन ओलसर राहिली आणि गवतच उत्तम आलं. डच लोकांनी धान्य बाल्टिक समुद्राकाठच्या मुलखातून आणलं आणि स्वतः लोणी-चीज विकलं. डेन्मार्ककडून रोडावलेले बैल येत, ते इथल्या गवतावर पोसून विकत. त्यासाठी एंकहाउझन बंदर प्रसिद्ध होतं, आणि पॉटरचा जन्म तिथलाच.

माझ्यासाठी सगळं इथे जुळलं. जे तळी उपसायला पैसा लावत होते, तेच शहरी लोक चित्रं विकत घेत होते. भिंतीवरची गाय त्यांच्या गुंतवणुकीचं फळ होती. पाण्यातून जमीन, जमिनीतून गवत, गवतातून गाय, गाईतून लोणी आणि लोण्यातून ॲमस्टरडॅमची घरं. प्रतीक वेगळं चिकटवावं लागलंच नाही. गाय नुसती नीट रंगवली, शेणासकट रंगवली, की हा सगळा अर्थ तिच्यात आपोआप आला. ह्यांचं आणि माझं एकमत झालं ते बेमस्टरच्या बांधावर.

याच्या दुसऱ्या बाजूचाही उल्लेख करते. नोव्हेंबर हा तिकडे कत्तलीचा महिना असे. सोललेल्या, टांगलेल्या बैलाची चित्रंही याच लोकांनी काढली. रेम्ब्रांटचं १६५५ चं चित्र लूव्रमध्ये आहे. मृत्यूची आठवण आणि हिवाळ्याची बेगमी, दोन्ही एकत्र. मला ती बघवत नाहीत, पण कुरणातल्या गाईमागे ती होतीच.

*जाणाऱ्यांसाठी :* रेल्वे, ट्राम, बस सगळीकडे बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं. उतरतानाही टेकवायला विसरू नका. बेमस्टरला मात्र सायकल किंवा गाडी हवी.

शनिवार : लेउवार्डन आणि एक गोठा

जावयांनी आफ्स्लाउटडाइकवरून गाडी नेली. १९३२ मध्ये पुरा झालेला ३२ किलोमीटरचा बांध, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गोडं पाणी. पलीकडे फ्रिसलँड.

लेउवार्डनमध्ये चौकात एका गाईचा काशाचा पुतळा आहे. फ्रिजियन लोक तिला 'उस मेम', आमची आई, म्हणतात. फ्रिजियन गुरांची वंशनोंदवही १८७९ मध्ये सुरू झाली, तिला ७५ वर्षं झाली तेव्हा, १९५४ मध्ये, हा पुतळा उभारला. खाली ना देव ना राजा, नुसती भरल्या कासेची गाय. ह्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यातून आलेल्या एचएफच्या, म्हणजे होल्स्टीन-फ्रिजियन जातीच्या, रेतमात्रा त्यांनी माण-खटावच्या गोठ्यांत वर्षानुवर्षं भरल्या. त्या जातीचं माहेर हे. आपल्या उन्हात तिला होणारा त्रासही त्यांनीच निस्तरलाय, त्यामुळे त्यांचे डोळे का भरले ते मी विचारलं नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट झाली. पॉटर-कायपच्या चित्रांत आजच्यासारख्या काळ्या-पांढऱ्या गाई थोड्या, तांबड्या-तपकिरी जास्त. अठराव्या शतकात बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या रोगाच्या साथींनी तिकडचे गोठे रिकामे केले, बाहेरून जनावरं आणावी लागली आणि रंग हळूहळू बदलला. आज आपण जिला खास डच गाय म्हणतो, ती त्या चित्रकारांना अनोळखी वाटली असती.

संध्याकाळी जावयांच्या ओळखीच्या एका गोठ्यावर हिवाळाभर आत असलेली गुरं पहिल्यांदा कुरणात सोडायची होती. गावातली माणसं, पोरं गमबूट घालून कुंपणाशी उभी. दार उघडलं आणि एकेक जडशीळ गाय कालवडीसारखी चौखूर उधळली, मागचे पाय झाडले, गवतात तोंड खुपसलं, पुन्हा उधळली. जुन्या चित्रमालिकांत वसंताची खूण म्हणून गाई आणि दूध का येतं, हे मी पोरांना नुसतं तोंडी शिकवत आले होते.

मालकीणबाईंनी कॉफी दिली. ओसरीवर पॉटरच्या बैलाची जुनी छापील प्रत होती. त्या म्हणाल्या, "माझे सासरे म्हणायचे, मागचा भाग चुकलाय." ह्यांना आणखी काही नको होतं. मग दोघांचं वेत, कास, सडांचे आजार यांवर तासभर चाललं, जावई दुभाषी.

पण त्या बाई काळजीतही होत्या. गुरांच्या मलमूत्रातून हवेत जाणारा नायट्रोजन कमी करण्यासाठी जनावरांची संख्या घटवावी, यावरून गेली काही वर्षं त्या देशात मोठा वाद आहे. २०२२ मध्ये शेतकऱ्यांनी निषेध म्हणून रस्तोरस्ती राष्ट्रध्वज उलटे लावले होते. येताना एक-दोन अजूनही दिसले. बाईंना दोन्ही बाजू पटत होत्या. चरातल्या पाण्यात पूर्वी होतं ते आता दिसत नाही, त्या म्हणाल्या, पण गाईंशिवाय हा देश कसा दिसेल हेही त्यांना कळत नव्हतं.

*जाणाऱ्यांसाठी :* गाई सोडण्याचा दिवस गवत आणि हवामान बघून थोडेच दिवस आधी ठरतो. एप्रिलमध्ये असाल तर स्थानिक ओळखीतून चौकशी ठेवा. मुलांना घेऊन जा, जुने बूट घाला. कायपच्या चित्रांचा ध्यास लागला तर पुढचा मुक्काम लंडन. अठराव्या शतकात इंग्रजांनी त्याची चित्रं भराभर विकत घेतली, आणि धार काढणारी बाई व चार गाई असलेलं डॉर्ड्रेख्तचं मोठं चित्र तिथल्या नॅशनल गॅलरीचं आहे. कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. आमचं ते राहिलंय, व्हिसाची तयारी सुरू आहे.